सालईचा डिंक

बरखेड्याच्या ठाण्यातलं ते प्रकरण मी आजही रंगवून सांगतो. का सांगू नये?

मी ठाण्याचा प्रभारी होतो. कारखान्याच्या स्टोअरमधून झाळकामाची, म्हणजे तारांचे सांधे जोडताना लागणारी, राळ चोरीला जात होती. एका दुपारी नाव न सांगता फोन आला, की अमुक तंत्रज्ञ स्कूटरच्या डिकीतून माल नेतोय. शिफ्ट सुटताना गेटवर अडवलं, तर खरंच पिवळसर खड्यांची पुरचुंडी निघाली. पंचनामा करून त्याला ठाण्यात आणलं.

त्या हिंदी मुलखात माणूस आपलाच, मराठी. निवृत्ती चार महिन्यांवर आणि मुलीचं लग्न ठरलेलं. गुन्हा नोंदला की निलंबन, आणि सोयरीकही मोडणार, हे त्याला कळत होतं.

"साहेब, हा सालईचा डिंक आहे, धुपाचा. मेहुणा श्योपूरहून आणतो. अत्तरवालेही नेतात."

कुणासाठी आणला, विचारलं की गप्प. आमचे हेडसाहेब, म्हणजे हवालदार, कानाशी पुटपुटले, "साहब, दो हाथ में बोल देगा." मी त्यांना चहा सांगायला पिटाळलं. मारून कबुली मिळते, चोर मिळत नाही.

मी पूर्वी श्योपूरच्या जंगलपट्ट्यात होतो. सालईत राळेची भेसळ झाली का, हे तिथले लोक पाण्यात घासून बघत. पंचांसमोर मी एक खडा वाटीत घासला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. राळेनं असं होत नाही. नमुना प्रयोगशाळेला पाठवला, पण माझी खात्री पटली होती.

"तुम्ही खरं बोललात. आता सांगा, डिकीत काय आहे हे आणखी कुणाला ठाऊक होतं?"

तो म्हणाला, "स्टोअरकीपरसाहेबांना. त्यांनीच मागवला होता. सकाळी दिला तर म्हणाले, इथं नको, संध्याकाळी घरी आणा. भल्या माणसाला कशाला गोवायचं म्हणून बोललो नाही."

भला माणूस! त्याच्या क्वार्टरच्या माळ्यावर राळेची दोन पोती सापडली. फोनही त्यानंच केला होता, संशय दुसऱ्यावर जावा म्हणून.

शिकलो एवढंच, की गप्प बसणारा प्रत्येक जण काही लपवत नसतो. कधी तो दुसऱ्याची अब्रू सांभाळत असतो.

मुलीच्या लग्नाला त्यानं मला आग्रहानं बोलावलं. पोलिसाला कोण बोलावतं हो? व्याह्यांसमोर माझा हात धरून तो म्हणाला, "हे साहेब. यांनी आधी माझं ऐकून घेतलं."

पदकं मलाही मिळाली. पण छाती फुगली ती त्या मांडवात.