दोन पानांत स्वतःला बसवताना

संजय अमेरिकेतून सुट्टीवर आला की वैशाली, तो आणि मी महाडला जमतो. दुसऱ्या चहापर्यंत कुणीतरी एसओपीचं नाव काढतंच. मग जुने किस्से निघतात, आणि दरवेळी एखादा नवाही सापडतो. इतकी वर्षं तो कुठे दडून बसला होता कोण जाणे.

एसओपी म्हणजे तिकडे पीएच.डी.ला अर्ज करताना लिहायचं निवेदन. मी कोण, मला विज्ञानच का शिकायचंय, हे दोन पानांत सांगायचं. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही तिघं केमिस्ट्रीवाले, आणि वाचून द्यायला आमचे साळवी सर.

पहिला मसुदा तिघांनीही मन लावून लिहिला. सरांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तिन्हींची सुरुवात एकच होती : लहानपणापासून मला आकाशातल्या ताऱ्यांचं कुतूहल होतं.

सरांनी चष्मा काढला. "तिघांनाही तारे आवडत होते, तर केमिस्ट्रीत कुणी ढकललं?"

*

टायपिंगला एसटी स्टँडजवळचा सायबर कॅफे. वैशालीच्या निवेदनात 'महाड'च्या स्पेलिंगखाली लाल रेघ आली. कॅफेवाल्याने कॉम्प्युटर सुचवेल तो शब्द सगळीकडे बसवून दिला, वर म्हणाला, "मिस्टेक काढून टाकल्या, ताई."

सर मोठ्याने वाचू लागले, "मी मॅडमध्ये जन्मले. मॅडमध्ये वाढले. माझं सगळं शिक्षण मॅडमध्येच झालं."

कागद खाली ठेवून म्हणाले, "प्रामाणिक आहे. पण पहिल्याच पानावर नको."

*

संजयचं घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीवर. त्याचा मसुदा नुसता कोरडा. सर म्हणाले, "घरचं काही लिही."

"घरी काय हाय सर? म्हशी हायत."

"मग म्हशींचं लिही."

दोन दिवसांनी त्याने अर्धं पान आणलं. पावसाळ्यात वाडीवर धुकं उतरलं की दही लागत नसे. त्याची आई भांडं चुलीच्या उबेला ठेवायची. दूध किती कोमट लागतं ते बघायला संजयने कॉलेजातून थर्मामीटर मागून नेला आणि भांड्यात बुडवून ठेवला. आईने झाकण काढलं, बघितलं, आणि काळजीनं विचारलं, "दुधाला ताप आलाय काय रे?"

सरांनी लाल पेनाचं टोपण लावून टाकलं. त्या अर्ध्या पानाला त्यांनी हात लावला नाही.

*

वैशालीला पहिला नकार आला तेव्हा ती सरांच्या ओटीवर बसून रडली. पुढे तिने पुण्यात पीएच.डी. केली, पण त्या दिवशी सगळं संपल्यासारखं वाटत होतं. सरांनी पत्र वाचलं.

"अगं, खेद त्यांना झालाय असं लिहिलंय. तू कशाला रडतेस?"

*

संजयला मात्र एका विद्यापीठातून मुलाखतीचा फोन येणार होता. वाडीवर फोन नव्हता, म्हणून अर्जात पोलादपूरच्या एका किराणा दुकानाचा नंबर दिलेला. त्या दिवशी दुपारी तो उत्तरांची तयारी करायला सरांकडे महाडला आला. परतताना एसटी पंक्चर होऊन हायवेलाच उभी राहिली. शेवटी तो उतरून पळत सुटला.

इकडे दुकानात फोन वाजला. त्याची वाट बघत बसलेले त्याचे वडील उठले. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. दुकानदार सांगतो, त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "ठेवू नका. येतोय तो." मग लाइन तुटू नये म्हणून बोलत राहिले. मराठीत, सावकाश, मध्ये मध्ये हसत. पलीकडच्याने फोन ठेवला नाही.

संजय धापा टाकत आला, फोन घेतला आणि माफी मागितली. प्रोफेसरने आधी विचारलं, आत्ता बोलत होते ते कोण? वडील, म्हटल्यावर म्हणाला, सावकाश श्वास घे, मला घाई नाही.

मुलाखत संपली. बाहेर आल्यावर संजयने विचारलं, "बाबा, एवढा वेळ काय सांगत होतात त्याला?"

"तुझ्याबद्दल मला जेवढं ठावं हाय तेवढं," वडील म्हणाले. "अजून लय बाकी होतं रे. तेवढ्यात तू आलास."