फेस्टी न्हाव्याची होडी

फेस्टी न्हाव्यानं मेलेल्या माणसाची दाढी कापून नेली, अशी बातमी मंगळवारी दुपारी आमच्या गावात पसरली. घरात सगळे गुडघे टेकून जपमाळ म्हणत होते आणि हा पठ्ठ्या कात्री घेऊन शवपेटीपाशी गेला, असं पोस्टातली बाई शपथेवर सांगत होती.

आता खरं सांगतो. माणूस मेलेला नव्हता, झोपलेला होता. पेटीत नव्हता, फेस्टीच्याच दुकानातल्या खुर्चीत होता. दाढीही अर्धीच गेली. पेटीची भर मी घातली, हे कबूल करतो. जपमाळ मात्र माझी नाही, ती कुणीतरी वाटेत लावली.

झालं असं की पॅट्सी लायडन, वय वर्षं चौऱ्याऐंशी, केस कापायला आले आणि बसल्या बसल्या घोरायला लागले. साठ वर्षं पाइप ओढून त्यांची पांढरी दाढी तोंडाभोवती पिवळी पडलीय. पिवळी म्हणजे जुन्या लोण्यासारखी, वर थोडी हिरवट झाक. नेमक्या त्याच रंगाच्या माश्या त्या आठवड्यात तळ्यातून वर यायला लागल्या होत्या आणि ट्राउट मासे त्यांच्यावर तुटून पडत होते. फेस्टी पाच मिनिटं नुसता बघत उभा राहिला. मग त्यानं डाव्या बाजूची दाढी कापली, रुमालात बांधली, दारावर ‘आलोच’ अशी पाटी लावली आणि मागच्या खोलीत गळाला दाढी गुंडाळून ट्राउटला फसवणारी खोटी माशी बनवत बसला. ‘आलोच’ म्हणजे फेस्टीच्या हिशेबानं चार तास. पॅट्सीकाका जागे झाले, टोपी घातली आणि अर्ध्या दाढीनिशी दूध आणायला गेले. तोवर माझी बातमी दुकानात पोचली होती. दोन बायकांनी त्यांना बघून छातीवर क्रूस काढला. तिसरी बटाट्यांच्या पोत्यामागे बसली ती उठेचना.

फेस्टीकडे केस कधी कापायचे हे गिऱ्हाईक ठरवत नाही, तळं ठरवतं. एप्रिलमध्ये काळ्या माश्या येतात, तेव्हा काळ्या केसांच्या लोकांनी त्याच्या दारावरून जपून जावं. शाळेच्या मास्तरीणबाईंचे केस लालभडक आहेत. त्यांना तो जूनमध्ये चहाला बोलावतो आणि टोकं किती दुभंगलीत म्हणून हळहळतो. फादरच्या कोंबड्याची मान का बोडकी आहे, ते फादर सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. माझे केस उंदराच्या रंगाचे. तळ्यातल्या एकाही किड्याशी जुळत नाहीत, म्हणून मी गेलो की तो म्हणतो, “कोलम, पुढच्या आठवड्यात बघू.”

एवढी कला हातात, पण तळ्यावरच्या मासेमारीच्या कपाच्या दिवशी सत्तावीस वर्षांत त्यानं एक मासा काठावर आणलेला नाही. सुटलेले मासे विचारू नका. सुटलेल्या माशांनी त्यानं दोन चर्च भरली असती.

यंदा मात्र प्रकरण गळ्याशी आलं होतं. त्याची बायको ब्रीज गाव सजवण्याच्या समितीची अध्यक्ष. जुलैत सुंदर गावाच्या स्पर्धेचे परीक्षक येतात आणि गावाच्या तिठ्यावर काहीतरी ठसठशीत पाहिजे, हे तिच्या डोक्यात बसलेलं. पलीकडच्या गावानं जुन्या होडीत माती भरून फुलं लावली होती. एप्रिलच्या बैठकीत ती उठली आणि म्हणाली, “आपल्याकडेही एक होडी आहे. मासे आणत नाही, निदान फुलं तरी आणेल.”

“अगं, ती चालती होडी आहे!” मागच्या बाकावरून फेस्टी ओरडला.

“कुठं चालती? रिकामी जाते, रिकामी येते.” मग तिनं सगळ्यांसमोर अट घातली. कपाच्या दिवशी फेस्टीच्या हातचा एक मासा, तेरा इंचांचा, नियमात बसणारा. आणला तर होडी त्याची. नाही आणला तर त्याच संध्याकाळी होडीत जिरेनियमची फुलं.

मतदान झालं. मी ब्रीजच्या बाजूनं हात वर केला. फेस्टीनं मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की मला दुसरा हातही वर करावासा वाटला. बाहेर आल्यावर म्हणाला, “गद्दारा, त्या होडीत तूही बसतोस ना?”

“समितीवर आहे म्हणून तिच्या बाजूनं,” मी म्हटलं. “शेजारी म्हणून तुझ्याच. आणि ब्रीजनं केलेला जॅमचा केक माझ्याच घरी येतो, हे विसरू नकोस.”

तो हसला नाही. ती होडी त्याच्या बापानं लार्चच्या फळ्या वाकवून केलेली. दर मार्चला फेस्टी तिच्या पोटाखाली उताणा पडून डांबर लावतो आणि तिच्याशी बोलतो. मी कुंपणावरून ऐकलंय. ब्रीजशी तो इतकं बोलत नाही.

तर कपाचा दिवस उजाडला. आभाळ राखाडी, वारा पश्चिमेचा, पाण्यावर बेताची लाट. गळ टाकायला याहून चांगला दिवस मागायला तोंड नाही. आम्ही धक्क्यावर गेलो तर होडीत मधल्या फळीवर पॅट्सीकाका बसलेले, रविवारचा कोट घालून.

“उतरा काका,” फेस्टी म्हणाला. “आज कप आहे.”

“म्हणूनच आलो. रस्त्यानं जातो तर लोक मेणबत्ती लावल्यासारखं तोंड करतात. आज सगळ्या होड्या तळ्यावर असतील. मला सगळ्यांसमोरून फिरव. मी जिवंत आहे हे दिसू दे.”

“हे कुणी पसरवलं कोण जाणे,” मी म्हटलं आणि वल्ही घेतली.

धक्क्यावर ब्रीज उभी होती. तिच्यामागे ट्रेलर, ट्रेलरवर मातीची सहा पोती आणि जिरेनियमच्या लाल फुलांचे ट्रे. शिवाय तिच्या हातात ड्रिल. “कुंडीला तळाशी भोकं लागतात,” ती गोड आवाजात म्हणाली. “पाणी निथळायला.” फेस्टीनं होडीच्या कडेवर हात ठेवला, जसा आपण पोराच्या कानावर ठेवतो.

दाढीच्या माश्या दोनच झाल्या होत्या. सकाळी दहाला वाऱ्यावर होडी आडवी सोडली आणि फेस्टीनं पहिली माशी फेकली. तिसऱ्याच फेकीला गळाची काठी वाकली. “आला!” तो ओरडला. “आला रे आला, डुकराएवढा आहे!” डुकराएवढा होताच, कारण तो ट्राउट नव्हता, कपात न चालणारा पाइक होता. दातांनी दोरा तोडून तो दाढीसकट खाली गेला.

“माझी दाढी नेली,” पॅट्सीकाका म्हणाले.

बेटाजवळ दुसरी माशी. यावेळी मी वल्हं मारत होतो आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या होडीतल्या मंडळींना ओरडून सांगत होतो, “हे बघा, जिवंत आहेत! हात लावून बघा!” पॅट्सीकाका टोपी काढून नमस्कार करत होते. त्या गडबडीत होडी दगडांवर गेली, दोरा अडकला आणि फेस्टीनं ओढला. माशी गेली.

त्यानं तुटलेला दोरा गोळा केला आणि बेटाकडे मान हलवली.

बेटावर उतरून आम्ही काटक्या गोळा केल्या, पत्र्याच्या किटलीत चहा उकळला. हॅमची सँडविचेस खाल्ली. फेस्टीनं डब्यातल्या बाकीच्या माश्या फळीवर मांडल्या. मास्तरीणबाई, फादरचा कोंबडा, बेकरीवाल्याचं मांजर. एकही त्या रंगाची नाही. मग त्याची नजर हळूहळू वर आली आणि पॅट्सीकाकांच्या उजव्या गालावर थांबली.

“नाही,” पॅट्सीकाका म्हणाले.

“काका, नाहीतरी एका बाजूची शोभत नाही.”

“कुणामुळे शोभत नाही?”

“मी न्हावी आहे, माझं ऐका. दोन्ही बाजू सारख्या केल्या की दहा वर्षांनी तरुण दिसाल.”

“चौऱ्याहत्तर दिसून मी काय करू?” त्यांनी पाइप पेटवला, दोन झुरके ओढले. “असं कर. दाढी घे. पण दाढी जिथं जाईल तिथं काठी माझ्या हातात. पहिली खेप माझी, मग तुझी.”

फेस्टीनं तळ्याकडे बघितलं, होडीकडे बघितलं. पॅट्सीकाकांनी तीस वर्षांत काठी धरलेली नव्हती. त्यांचा हात असा थरथरे की चहा पिताना अर्धा कप बाहीत जाई. एका खेपेत काय होणार आहे, असा विचार त्यानं केला असणार. मीही तोच केला. खिशातली कात्री निघाली. बेटावरच्या दगडावर दाढी झाली आणि गुडघ्यावर माशी बांधून झाली. केसांना तंबाखूचा वास येत होता.

पुन्हा होडीत बसल्यावर पॅट्सीकाकांनी माशी फेकली असं म्हणता येणार नाही. ती त्यांच्या हातून सांडली. होडीपासून जेमतेम दोन हातांवर पडली आणि हात थरथरत असल्यामुळे पाण्यावर नाचायला लागली. अस्सल माशी उडायच्या आधी पंख झटकते, अगदी तशी. फेस्टी सत्तावीस वर्षं मनगट मोडून जे करायला बघत होता, ते हा म्हातारा श्वास घेतल्यासारखं करत होता. पाणी फुगलं. एक पिवळं पोट उलटलं.

“अरे, काहीतरी ओढतंय,” पॅट्सीकाका म्हणाले.

“ओढू नका! जाऊ द्या! आता ओढा! येशू, मेरी आणि जोसेफ, काका, काठी वर!”

“मेलेल्या माणसावर ओरडू नकोस.”

जाळं फेस्टीनंच लावलं. मोजपट्टीवर मासा ठेवला. साडेचौदा इंच. अंगावर लाल ठिपके, घट्ट, देखणा. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो.

मी हळूच म्हटलं, “फेस्टी, होडीत आपण तिघंच आहोत.”

“माझी हरकत नाही,” पॅट्सीकाका म्हणाले. “मी मेलोय. मेलेला साक्षीला येत नाही.”

फेस्टी पुढं सरकला, स्वतःच्या खेपेला बसला आणि साडेपाचपर्यंत काठी चालवत राहिला. माशाच्या दातांनी दाढी सुटत चालली होती. शेवटी गळाला चार केस उरले. तळ्याला त्याच्यात रस उरला नव्हता.

सहाला धक्क्यावर गर्दी जमली. ब्रीजनं मासा बघितला आणि तिचा चेहरा, खरं सांगतो, उजळला. ड्रिल तिनं पाठीमागे नेलं. मला वाटतं, तिलाही तो मासा हवाच होता. “तुझा?” तिनं विचारलं.

मी त्याच्या घोट्यावर बूट मारला. आता एक सांगतो. आमच्याकडे सुटलेल्या माशाबद्दल माणूस वाटेल ते खोटं बोलतो, लोक आवडीनं ऐकतात. पण काट्यावर ठेवलेल्या माशाबद्दल कुणी खोटं बोलत नाही. फेस्टीनं मासा उचलून पॅट्सीकाकांच्या हातात दिला.

“पॅट्सीकाकांचा,” तो म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पॅट्सीकाकांनी बोडकी हनुवटी वर करून त्या घेतल्या. ब्रीजनं ड्रिल पुढं आणलं. अध्यक्षबाई होती ना, सगळ्या समितीसमोर उभी होती. “शब्द म्हणजे शब्द,” ती म्हणाली. “सत्तावीस वर्षांत एक नाही, फेस्टी. एवढी वर्षं जमलं नाही, मग कशासाठी ठेवायची?”

ते जिरेनियम यंदा माझ्या घरासमोरच्या जुन्या बाथटबमध्ये लावलेत, आणि पाणी मलाच घालावं लागतं. त्यासाठी ब्रीजनं तिथल्या तिथं माझं नाव घेतलं. पण त्याआधी तिनं ड्रिल ट्रेलरवर ठेवून दिलं, कारण फेस्टीनं होडीवरचा हात न काढता तिला एवढंच म्हटलं होतं:

“ब्रीज, एकोणीस वर्षं तू हे गाव सजवतेस. एकदा तरी नंबर आला का? म्हणून मी कधी तुझी कुदळ काढून घेतली?”