उंबऱ्याबाहेरचा वर्ग

मास्तर मागच्या हिवाळ्यात अकोल्यात, मुलीच्या घरी वारले. अमरावती सोडण्याआधी दोन वर्षं ते वलगाव रस्त्यावरच्या छावणीत आठवड्यातून तीन दिवस इंग्रजी शिकवत. मानधन नव्हतं. खडू घरून आणत. हातात घेतला की त्याचे दोन तुकडे करत, एक विद्यार्थ्याला देत आणि म्हणत, "तुमी लिवा. चुकलं तं मी हाये."

छावणी हा आमचा शब्द. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल तर इमारत पाहिली असेल, बंद पडलेलं मंगल कार्यालय. हॉलमध्ये साड्यांचे पडदे बांधून सिंधमधून आलेली अकरा हिंदू कुटुंबं राहत होती. व्हिसावर आलेली, नागरिकत्वाची वाट पाहणारी. मी वर्तमानपत्रातून नुकताच निवृत्त झालो होतो. इंग्रजी शिकवायला माणूस हवा आहे असं कळलं, म्हणून गेलो.

पहिल्या आठवड्यातच हात टेकले. सगळ्यांनी वह्या मागच्या बाजूनं उघडल्या होत्या. मी एकेक वही सरळ करून दिली, थोडा रागावलोही. दुसऱ्या दिवशी वह्या पुन्हा उलट्या.

मास्तर शेजारच्या गल्लीत राहत. उर्दू शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. एका कुटुंबाचा शाळेचा उर्दूतला जुना दाखला वाचायला मीच त्यांना बोलावलं होतं. दाखला वाचून झाला तरी ते वर्गात मागे उभे राहिले.

"साहेब, याइची लिपी उजवीकडून चालते. वही तिकडूनच उघडतीन ना. तुमी काहून तापून राहिले?"

"मग शिकवू कसं?"

"इंग्रजी डावीकडून लिवा, अर्थ उजवीकडून. पानाच्या मधात भेटतीन दोघं."

त्या दिवसापासून शिकवायचे ते आणि बसायचो मी. शिकवणं म्हणजे काय, हे मी साठीनंतर मागच्या रांगेत बसून शिकलो.

पुढच्या वर्षी एक नवं कुटुंब आलं. आजोबा, सून आणि एकोणीस वर्षांची नात. आजोबांना सगळे दादा म्हणत. मुलगी तिकडे बारावी झालेली, तिला नर्स व्हायचं होतं. अकोल्याच्या एका नर्सिंग शाळेत जागा होती. मुलाखत इंग्रजीत आणि दोन महिन्यांवर. नाही जमलं तर नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात शिलाईला बसायचं, असं घरात ठरलं होतं.

मास्तर मुसलमान आहेत हे कळल्यावर दादांनी नातीला वर्गातून उठवलं. त्यांचं दुकान आणि घर तिकडे राहिलं होतं. "जिनके डर से निकले, यहाँ भी उन्हीं से पढ़ें?" ते मला म्हणाले. आवाज हळू नव्हता. मास्तर फळा पुसत होते. त्यांनी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला.

पुढच्या वेळी ते हॉलमध्ये आलेच नाहीत. दादांची जागा बाजूच्या दाराजवळ होती. त्या दाराबाहेरच्या पायरीवर मास्तर बसले. एप्रिल महिना होता.

"मास्तर, आत या," मी म्हटलं.

"नाई. आत त्याइचं घर हाये. पायरी सरकारी हाये."

पायरी सरकारी नव्हती. पण दादांनी नातीला वर्गात बसू नको म्हटलं होतं, दारात बसू नको असं म्हटलं नव्हतं. ती उंबऱ्याच्या आत बसली. मास्तर बाहेरून प्रश्न विचारत, ती आतून उत्तरं देई. बाकीचे विद्यार्थीही हळूहळू तिथंच सरकले.

सिंधी घरात दारी आलेल्या माणसाला पाण्याबरोबर पापड देतात. उन्हातून आलेल्याला तर देतातच. दादा तासभर पडद्याआड बसून राहिले. मग उठले, भाजलेला पापड आणि पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवला आणि तोंड फिरवून आत गेले.

मास्तरांनी पापड खाल्ला. "पापड तो कड़क है, दादा. लड़की की अंग्रेजी अभी नरम है."

पुढच्या वर्गाला दोन पापड आले.

तिसऱ्या आठवड्यात दादा उंबऱ्याजवळ येऊन बसू लागले. नात पुटपुटली की दटावत, "ज़ोर से बोल. मास्टर बाहर बैठा है, सुनाई नहीं देता उसको." मास्तरांना उत्तम ऐकू येत होतं. दादांनी त्यांना आत बोलावलं नाही आणि मास्तरांनीही तो विषय काढला नाही.

या लोकांना शहराबाहेर जायला परवानगी लागते. मुलाखतीसाठी तिघांनी अर्ज केला. मुलीची परवानगी आली. दादांची आणि आईची आली नाही, आणि तिला एकटीला पाठवायला घरचे तयार नव्हते. मुलाखत परवावर आली होती. मुलीनं कारखान्याचा फॉर्म शोधून ठेवला. मी तिच्याबरोबर जायला तयार होतो, तसं सांगितलंही. दादांनी ते ऐकलं, मग बाहेर आले आणि मास्तरांशेजारी पायरीवर बसले.

"मास्टरजी, अकोला में आपकी बेटी रहती है ना?"

"रहती है."

"तो इसको आप ले जाओ. रुकना पड़ा तो बेटी के पास रुकेगी."

मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, पानी द्या जरा."

मुलीची निवड झाली. पहिल्या प्रश्नाला ती अडखळली, दुसऱ्यापासून बोलत गेली, असं मास्तरांनी परत आल्यावर सांगितलं. तुम्हाला आत जाऊ दिलं का, मी विचारलं. "नाई. दाराबाहेरून आयकलं. मले सवय हाये आता."

त्या पावसाळ्यानंतर गुडघे साथ देईनात, म्हणून मास्तर अकोल्याला मुलीकडे राहायला गेले. दादांची नात रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात असे. ते वारले त्या दिवशी दादांनी अकोल्याला जाण्यासाठी अर्ज केला. परवानगी चौथ्या दिवशी आली.

नात आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहाच्या अर्जावर, स्थानिक पालकाच्या रकान्यात, दादांच्या सहीनं मास्तरांचं नाव आहे. दुसरं नाव कळवावं, असं पत्र वसतिगृहानं दादांना पाठवलं. नंतर स्मरणपत्रही आलं. दादांनी अजून नाव कळवलेलं नाही.