वानखडे भाऊंनी थांबवलेली मालगाडी

वानखडे भाऊ गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नांदुऱ्याच्या बाजारात मिरच्या निवडत होतो. पिशवी तिथेच टाकली आणि त्यांच्या गावाची, सोनाळ्याची वाट धरली. त्याला आता महिना होईल. दुःख आहेच, पण खरं सांगू? मला राग आलाय. तो काही केल्या उतरत नाही, म्हणून लिहायला बसलो.

सुधाकर वानखडे रेल्वेत क्रू कंट्रोलर होते. कोणत्या मालगाडीवर कोणता ड्रायव्हर, कोणता गार्ड जाणार, हे ठरवणारा माणूस. प्रवासी गाडीला वेळापत्रक तरी असतं. मालगाडी माल भरून झाला की निघते. त्यामुळे आम्हा ड्रायव्हरांना बोलावणं कधीही यायचं. विश्रांतीचे तास भरले की कॉम्प्युटरवर नावापुढे ‘उपलब्ध’ दिसायचं. तेवढं बघून नाव लावायचं, ही रीत. भाऊंना ती मान्य नव्हती. ते आधी ड्रायव्हरच्या घरी फोन करून बायकोला विचारायचे, “वहिनी, झोपला होता काय हा? खरं सांगजा.” आम्हाला विचारायचेच नाहीत, कारण ड्रायव्हर खरं सांगणार नाही याची त्यांना खात्री. आणि ते बरोबर होतं. थकलो म्हणणं आमच्यात कमीपणाचं. मी एकदा लॉबीत, म्हणजे आमची ड्युटी लागायची त्या ऑफिसात, जाऊन भांडलोसुद्धा. “माह्या बायकोले काऊन इचारता? गाडी मी चालवतो का ते?” भाऊंनी चष्म्यावरून बघितलं. “गाडी तूच चालवतं बे, पण तू झोपला का नाई, हे तिलेच मालूम!” सगळी लॉबी हसली. मी चरफडत चहा प्यालो.

मग ती दुपार आली. माझी आई दवाखान्यात होती आणि दोन दिवस मी तिच्या उशाशी बसून. कॉम्प्युटरच्या हिशेबानं मात्र मी घरी आराम करत होतो. भाऊंचा फोन घरी गेला. माझी बायको म्हणाली, “कायची झोप भाऊ! डोळ्याले डोळा नाई लागला त्याहीचा.” भाऊंनी तिथल्या तिथे माझं नाव काढलं. दुसरा ड्रायव्हर नव्हता. कोळशाची गाडी भरलेली उभी राहिली आणि वरून फोनवर फोन. माणूस आहे, तास भरलेत, मग पाठवा की! भाऊ म्हणाले, “नाई पाठवत. माह्या नावावर लिहून घ्या.”

लिहून घेतलंच वरच्यांनी. विनाकारण गाडी रोखली म्हणून चार्जशीट. चौकशीत साक्षीला मला बोलावलं. बाहेर बाकावर भाऊ भेटले, तर एवढंच विचारलं, “आई कशी हाये?” आणि आत साहेबांनी मला विचारलं, त्या दिवशी झोप झाली होती का...

मी म्हणालो, “हो साहेब. मी फिट होतो.”

का म्हणालो? भ्यालो. झोप नव्हती तर आधीच का कळवलं नाही, असं उलटून विचारलं असतं. शिवाय ती ड्रायव्हरकीची मिजास. मी सही केली. भाऊ समोरच बसले होते. त्यांना लॉबीतून काढून मागच्या खोलीत जुने कागद लावायला बसवलं, ते थेट रिटायर होईपर्यंत. गाड्यांचं नियोजन करण्यात अख्ख्या लाइनीवर ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या माणसाला! त्यानंतर आमच्या बायकांना कोणी काही विचारलं नाही.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला रेल्वेचे एक साहेब आले होते. फोटोला हार घालून म्हणाले, “वानखडेंच्या काळात ड्रायव्हरअभावी एकही गाडी थांबली नाही.” अहो, थांबली होती! त्यांनी थांबवली होती, छातीठोकपणे! त्यांच्या नोकरीतलं सर्वांत मोठं काम तेच, त्यापायी त्यांना कुजवलंत, आणि आता हारासोबत तेही पुसून टाकता? लाज कशी वाटत नाही? माझ्या तोंडावर आलं होतं हे. पण मी कोणत्या तोंडानं बोलणार होतो... खाली मान घालून बसलो.

माणसं पांगल्यावर भाऊंच्या पत्नी मंदावहिनींनी आतून एक फाइल आणली. त्यात माझ्या जबानीची नक्कल होती, खाली माझी सही. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “युनियनवाले मागे लागले होते, अपील करा म्हणून. त्याहीनं नाई केलं. म्हने, मंग सुरेश खोटा ठरन, त्याची नोकरी जाईन. त्याची माय बिमार हाये.” मग म्हणाल्या, “आता तं तुमी बी रिटायर झाले ना, भाऊजी?”

झालो, वहिनी. तीन वर्षं झाली, आणि त्या तीन वर्षांत भाऊ जिवंत होते.

कार्यालयाला मी पत्र पाठवलं आहे. उत्तर येईल न येईल. म्हणून तेच इथे, चारचौघांत लिहितो: त्या दुपारी मी फिट नव्हतो. मी खोटं बोललो. गाडी वानखडे भाऊंनी थांबवली आणि बरोबर थांबवली.