साडेनऊ मिनिटांवर अडकलेलं गाणं

कॉम्प्युटर हँग झाला की दोष समोर बसलेल्याचा. त्यातून बाईमाणूस बसलेली असेल तर विचारूच नका. "तुम्ही काय दाबलंत?" हा पहिला प्रश्न. मी काहीही दाबलेलं नव्हतं, हे आजही छातीठोकपणे सांगते, आणि ते दिवस आठवले की आजही माझं डोकं तडकतं.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मिस्टर रेल्वेत, त्यामुळे आमचं बिऱ्हाड डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, आणि मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. घोलवडच्या चिकूवाडीवाल्यांची लग्नं केली, कोळीवाड्यातली केली, तलासरीच्या पाड्यांवरचीही केली. 'शूटिंगवाली बाई' म्हटलं की रिक्षावाला पत्ता न विचारता दारात आणून सोडायचा. सुरुवातीला दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून मिक्सिंग करायचे. वेळ लागायचा, पण कधी काही अडलं नाही. मग जो तो टुमणं लावायला लागला, आता कॉम्प्युटर घ्या, आता सगळे कॉम्प्युटरवरच करतात. घेतला एकदाचा. वापीच्या एका दुकानदाराने घरी येऊन बसवून दिला, हार घातला, पेढा खाल्ला आणि गेला.

त्याच वर्षी, होळी झाल्यावर, तलासरीकडच्या एका पाड्यावरची अंगणवाडी सेविका माझ्याकडे आली. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नात्यातल्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं, तेव्हापासूनची ओळख. तिची आई धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाणी गाऊन लग्न लावते. तिच्या गाण्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. त्या लग्नातही तीच गायली होती, आणि भिंतीवर रंगवलेल्या लग्नचौकापुढचं तिचं मोठं गाणं मी सबंध टिपलं होतं.

"आईच्या अंगावरून वारं गेलं," ती म्हणाली. "उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता भावाकडे निजून असते. वैशाखात भाच्याचं लग्न आहे. लग्न मीच लावायचं असं सगळे म्हणतात. बाकीची गाणी येतात मला. ते मोठं गाणं पुरं येत नाही. दुसऱ्या कुणाला येत नाही. तुमच्या कॅसेटवर आहे ना, बाई?"

होतं. तेवढ्या एकाच कॅसेटवर होतं. लग्नघरी दिलेल्या कॅसेटमध्ये मी ते कापून छोटं केलं होतं.

तिचं मागणं अगदी साधं होतं. अंगणवाडीत टेपरेकॉर्डर होता. "नुसता आवाज उतरवून द्या, बाकी काही नको." एक वायर लावायची आणि पंधरा-सोळा मिनिटं गप्प बसायचं, इतकंच काम. ती चहा पिऊन होईपर्यंत झालं असतं. पण मी? माझ्या घरात नवीन कॉम्प्युटर होता ना! त्या गाण्यामागे मांडवातल्या जनरेटरची घरघर होती. मी म्हटलं, "अगं, असं कसं देऊ? कॉम्प्युटरवर घेऊन साफ करून देते. आई समोर बसून गातेय असं वाटेल. आठ दिवसांनी ये." ती बिचारी हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरचं आवरून बसले. व्हीसीआर चालू केला, गाणं कॉम्प्युटरमध्ये उतरायला लागलं. म्हातारीचा आवाज खोलीभर झाला. आणि मध्येच सगळं ठप्प. पडद्यावर म्हातारीचं तोंड अर्धवट उघडं, माउस हलत नाही, कळा दाबल्या तर टुक टुक करतो मेला. बंद करून चालू केला, कॅसेट मागे नेली, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ठप्प.

घरात फोन नव्हता. स्टेशनासमोरच्या एसटीडी बूथवरून वापीला फोन लावला. "व्होल्टेज असणार, बेन. तुमच्या गावाला लाइट बरोबर नाही." स्टॅबिलायझर बदलला. पुन्हा ठप्प. "मग व्हायरस." कॉम्प्युटर पूर्ण पुसून पुन्हा भरला, त्यात छोटे छोटे शॉट घेऊन ठेवलेली माझी दोन लग्नं गेली. पुन्हा ठप्प. "समुद्राची हवा, बेन, आतमध्ये मीठ बसतं." मीठ बसतं! अहो, महिना झाला नव्हता तो डबा घरात येऊन. शेजारच्या मास्तरांनी पायात चपला घालून खोलीत जाता का म्हणून विचारलं. मिस्टर म्हणाले, "तू फार जोरात बटणं दाबतेस." त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला तो नाइलाज म्हणून झाला.

मग मी घड्याळ लावून बसले. आणि काय बघते, साडेनऊ मिनिटं झाली की बंद पडतो. दर वेळी साडेनऊ. म्हणून एका मुंजीची कॅसेट लावली, तीही साडेनऊला बंद. आता मला सांगा, व्होल्टेज काय घड्याळ बघून कमी होतं? मीठ काय मिनिटं मोजून बसतं? आत काहीतरी मर्यादा आहे, एवढं माझ्यासारख्या सातवीपर्यंत गणित शिकलेल्या बाईनेही ओळखलं, आणि दुकान थाटून बसलेला तो मला माझ्या गावची हवा सांगत होता.

पुन्हा बूथ गाठला. साडेनऊ मिनिटांचं सांगितलं. तो म्हणाला, "असं करा, पुन्हा तेच गाणं लावा. बंद पडलं की व्हीसीआर पॉजवर ठेवा आणि सगळं जसं आहे तसं राहू द्या. कॉम्प्युटर, व्हीसीआर, कशालाच हात लावू नका. पडद्यावर काय लिहून येतं ते वाचा आणि मला सांगा."

मी तसंच केलं. गाणं थांबलं तिथे व्हीसीआर पॉजवर ठेवला, पडद्यावरचं कागदावर उतरवून घेतलं आणि बूथवर गेले. बूथवर रांग. माझी पाळी आली तर तो जेवायला गेलेला. अर्ध्या तासाने या म्हणे. उन्हात बाकड्यावर बसले. एव्हाना व्हीसीआर तासभर पॉजवर उभा होता. माझा जुना व्हीसीआर आपोआप सुटत नसे. पॉजवर टेप एका जागी असते, पण आतलं डोकं, म्हणजे हेड, गरगर फिरतच राहतं आणि टेपच्या त्याच जागेवर घासत राहतं. हे मला माहीत होतं. पंधरा वर्षं तेच काम केलेलं, मला माहीत नसणार तर कुणाला? पण 'हात लावू नका' म्हणाला ना कॉम्प्युटरवाला! माझी अक्कल मी त्या पेढ्याबरोबरच त्याला देऊन टाकली होती.

अखेर तो आला. मी कागद वाचून दाखवला. तो हसला. खरंच हसला. "अरे बेन, एक फाइल दोन जीबीच्या वर जातच नाही. तुमच्या सेटिंगला साडेनऊ मिनिटांत दोन जीबी होतात. दोन तुकड्यांत घ्यायचं. हे तर सगळ्यांना माहीत असतं."

सगळ्यांना माहीत असतं! मग व्होल्टेज काय होतं? व्हायरस काय होता? माझी दोन लग्नं कशापायी पुसलीस रे? मी बूथमध्ये इतकी ओरडले की बाहेरची माणसं काचेतून बघायला लागली. फोन आपटला आणि तरातरा घरी आले. आता दोन तुकडे घेते आणि मोकळी होते, असं म्हणत व्हीसीआरचं प्ले दाबलं.

आत खर्रकन आवाज झाला. उकाड्यात टेप डोक्याला चिकटली होती. झाकण काढून बघते तर तिचा चुरगळून बोळा झालेला.

दोन हात टेप कापावी लागली. चिकटपट्टीने जोड दिला. दोन हात टेप म्हणजे चाळीसेक सेकंद, गाण्याच्या चार-पाच ओळी. मग दोन तुकडे कॉम्प्युटरवर घेतले, जनरेटरची घरघर जमेल तेवढी काढली, आणि जोड असा बेमालूम बसवला की श्वास संपून पुढची ओळ सुरू झाल्यासारखं वाटावं. एकदाही हँग झाला नाही मेला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार मिक्सिंग ते.

ती आली तेव्हा तिला ऐकवलं. ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अगदी आईच," म्हणाली. मी विचारलं, "आईपुढे एकदा म्हणून दाखवशील ना?" आईने ऐकलं तर गाळलेल्या ओळी तिला कळतील, हे मला ठाऊक होतं. ती म्हणाली, "नाही बाई. लग्न नसताना ही गाणी म्हणू नयेत, आईनंच सांगितलंय. मी नुसतं ऐकणार, मनात पाठ करणार." मधल्या ओळी गेल्यात हे सांगायला मी तोंड उघडलंही होतं, पण सांगितलं असतं तर 'कशामुळे?' असं तिने विचारलं असतं.

वैशाखात लग्नाचं शूटिंग मलाच दिलं. भावाने आईला पाठीवर घेऊन मांडवात आणलं आणि खांबाला टेकवून बसवलं. लेक चौकापुढे बसली, डोळे मिटले आणि गायला लागली. तोच आवाज, तोच हेल. म्हातारी ऐकत होती, डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. मी कॅमेरा तिच्यावर धरला.

ती जागा आली. लेकीने श्वास घेतला आणि माझ्या जोडावरून पुढे गेली.

म्हातारीची बोटं थांबली. मग तिने डावा हात वर उचलला, पंजा उघडा, लेकीकडे. तोंड हललं, आवाज आला नाही. हात तसाच वर राहिला. लेकीचे डोळे मिटलेले. बाकीच्यांचं लक्ष नवऱ्या मुलाकडे. गाणं पुढे गेलं, लग्न लागलं.

पंगती बसल्यावर लेक धावत माझ्याकडे आली. घामाने भिजलेली, हसतेय. "बाई, आत्ता भाऊ सांगत होता, आईनं गाणं चालू असताना हात वर केला. आशीर्वाद दिला मला. तुम्ही पाहिलंत?"

त्या वापीवाल्याला मी आजवर हजारदा शिव्या घातल्या आहेत, अजून घालते. पण त्या मांडवात गाणं कुठे तुटलं ते दोघींनाच माहीत होतं. एकीची वाचा गेलेली होती. माझी शाबूत होती.

"हो," मी म्हटलं, "पाहिलं."