पदराखालचं चाक
यांच्या गुडघ्यांना एरंडेल चोळताना हात भरून येतात, आणि त्या वासाने परळचं ते मैदान आठवतं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. कर्फ्यूत ऑफिस बंद पडलं की हे खोलीत हलकं लाकूड तासत बसायचे. लढाईतल्या एका विमानाची हातभर नक्कल त्यांनी केली होती. चाकांचे पाय माझ्या मोडक्या छत्रीच्या काड्यांचे, आणि इवल्याशा इंजिनाच्या तेलात एरंडेल. कर्फ्यू उठल्यावर एका सकाळी आम्ही ते उडवायला गेलो. पलीकडे सभेसाठी बांबू रोवत होते. विमानाला दोन लांब तारा होत्या. त्यांची मूठ धरून यांनी मधोमध उभं राहायचं आणि विमानाबरोबर गरगर फिरायचं. मी ते सोडलं, ते उडालं, आणि त्याचा एक पाय चाकासकट माझ्यापुढे पडला. इंजिन मध्येच बंद करता येत नव्हतं. टाकी संपेपर्यंत हे हसत फिरत राहिले, आणि मी चाक पदराखाली धरून उभी. शेवटी ते उतरताना कलंडलं, पंख मोडला. हे घेरी येऊन खालीच बसले. मी चाक काढून पुढे केलं. "केव्हा निघालं हे?" "उडालं तेव्हाच." "मग ओरडली का नाहीस?" "ओरडून काय झालं असतं? फिरायचं तर होतंच तुम्हाला." यांनी पुन्हा विमान केलं नाही. परवा यांना तपासून झाल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. मी बाहेर आले तेव्हा यांनी एकवार माझ्या पदराकडे पाहिलं आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ."