बिघाड करून बसणारे साळवे सर

साळवे सर पाड्यावर आले की आधी चहा घेत आणि मग चालू असलेली वीज बंद पाडत. कुणाचं लक्ष नाही असं बघून डबीतला एखादा स्क्रू ढिला करायचे, एखादी वायर काढून नुसतीच टेकवून ठेवायचे आणि ओट्यावर येऊन मांडी घालून बसायचे. दिवे गेले की म्हणायचे, "अरेरे. आता काय करायचं बुवा?" सगळा पाडा हसत शोधाला लागायचा.

सर नाशिकच्या आमच्याच कॉलनीतले. आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवून निवृत्त झाले आणि पेठ तालुक्यातल्या या पाड्याच्या ओहळावर वीज तयार करायच्या मागे लागले. उंचावरून पाइपातून पाणी सोडायचं, त्याच्या धारेनं चाक फिरतं, चाकाला जोडलेलं जनित्र वीज देतं. सरकारी तारा खालच्या गावापर्यंत येऊन थांबल्या होत्या. वीज हा हक्क आहे, असं जळजळीत पत्रक मी तेव्हा वाटत होतो. सरांनी ते चष्मा पुसून वाचलं. "चांगलंय, पत्रकवाले. पण हक्क म्हणजे काय, सांगू? बिघाड झाला तर कुणाचे पाय धरावे न लागणं."

त्याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

आसपासच्या डोंगरांत मेलेली सोलर यंत्रं सरांनी पाहिली होती. उद्घाटनाला हार, पेढे, फोटो. मग एक फ्यूज उडतो, शहरातला माणूस फिरकत नाही आणि पॅनेलवर मिरच्या वाळत पडतात. "देणारा गेला की दिवा जातो, त्याला वीज म्हणू नये. ती भीकच," सर म्हणत.

त्यांनी केलेला बिघाड शोधण्यात पाड्यातल्या हिराबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. "सर, माझी सासू बरी, तुमच्यापरीस," ती वायरी तपासता तपासता म्हणायची. तिचं माहेर डोंगरावरच्या पाड्यात. म्हातारी आई तिथे अजून चिमणीच्या उजेडात भाकरी थापत होती. म्हणून यंत्राला मदत करणाऱ्या संस्थेचे पाहुणे आले, त्या दिवशी हिराबाई सकाळपासून अंगण सारवत होती. पाडा यंत्र सांभाळतो का ते बघून वरच्या पाड्याचं ठरवू, असं पाहुण्यांनी आधीच कळवलं होतं.

दिवस कलला. हिराबाईनं बटण दाबलं. काहीच नाही.

मी सरांच्या कानाशी लागलो. "सर, आज तरी नको होतं."

"मी आज कशालाही हात लावलेला नाही." सरांचा चेहरा उतरला होता.

"मग उठा ना. तिला सांगा तरी."

"नाही." सरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि तसेच बसून राहिले.

हिराबाई मात्र मजेत होती. तिनं डबी उघडली, एकेक वायर ओढून पाहिली. "इथं काय नाय. आज लय लांब लपवलंत, सर." ती ओहळाकडे निघाली, मागोमाग आम्ही सगळे. चाक थांबलेलं होतं.

"पेठहून मेकॅनिक बोलवायचा का?" एका पाहुण्यानं विचारलं.

"कशाला? आमच्या सरांची खोड हाय ती." तिनं पाणी बंद केलं, पाइपाचं निमुळतं तोंड उघडलं, आत बोटं घातली आणि तंगडीला धरून एक खेकडा बाहेर ओढला. तो सरांच्या नाकासमोर धरून म्हणाली, "ह्यो पन तुम्हीच घातला?"

"नाही बाई. हा आपला आपण आला."

हिराबाई मटकन खाली बसली. "म्हंजे खरंच बिघडलं व्हतं?"

"खरंच."

पाणी सोडलं, चाक फिरलं आणि खाली पाड्यात घराघरांतून दिवे लागले. पाहुण्यांनी तिथंच, ओहळाच्या काठावर, वरच्या पाड्याला होकार दिला. मी इतक्या जोरात घोषणा दिली की हिराबाईच्या हातून खेकडा निसटायचा राहिला.

काम सुरू व्हायच्या दिवशी सर पिशवी खांद्याला लावून उभे राहिले. हिराबाईनं त्यांना अडवलं. "तुम्ही नका येऊ. चढण लय हाय, गुडघे दुखतील. आईच्या पाड्याला मी शिकवीन."

"आणि बिघाड कोण करणार?"

"मी करीन की."

 सर माझ्याबरोबर नाशिकच्या एसटीत बसले. घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत होते आणि मधूनच स्वतःशी हसत होते.

वरच्या पाड्यावर आता वीज आहे. सरांना तिथं कुणी अजून एकदाही बोलावलेलं नाही. कॉलनीत भेटेल त्याला थांबवून, छाती पुढे काढून, सर हेच सांगतात.